धोट्याला लावलेले तोंड : कापडाच्या शास्त्राचा एक अलिखित इतिहास

कापडाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ढाक्याची मलमल येते, पैठणचा पदर येतो, बनारसचा किनखाब येतो. ज्यांच्या अंगावर ते कापड होते त्यांची नावे इतिहासात आहेत. ज्यांच्या हातून ते निघाले त्यांच्या जातीची तेवढी नोंद आहे. आणि ज्यांना ते अंगाला लावायची मनाई होती, त्यांची नोंद शोधावी लागते.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. तंतू, वस्त्र, बहुवारिके हा धडा दरवर्षी येई आणि दरवर्षी मी तो पुस्तकात होता तसा शिकवून मोकळा होई. नायलॉन कोणी शोधले, पॉलिएस्टर कशापासून होते, कापूस घाम का शोषतो, एवढे सांगितले की धडा संपे. माझ्या घराचा आणि त्या धड्याचा काही संबंध आहे, हे मला फार उशिरा उमगले. हा लेख म्हणजे त्या उशिराची भरपाई आहे. पुस्तकातले शास्त्र खोटे नव्हते. ते अर्धे होते. उरलेले अर्धे आमच्या चाळीत होते.

१

माझे वडील १९४६ साली सातारा जिल्ह्यातून मुंबईस आले आणि एका गिरणीत रिंगखात्यात बदली कामगार म्हणून लागले. गिरणीचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तेव्हा अनेक गिरण्यांतून हेच चालत होते. आम्ही त्यांना 'बा' म्हणत असू. रात्रपाळी करून बा घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, छातीच्या केसांत कापसाचा पांढरा भुगा असे. लहानपणी मला वाटे, बा रोज रात्री म्हातारे होतात आणि आंघोळ केली की पुन्हा तरुण होतात.

शेजारच्या चाळीत साचेवाले राहत. गिरणीच्या बोलीत साचा म्हणजे माग. साचेवाल्याला नगावर पैसे मिळत आणि त्याचा पगार रिंगवाल्याहून जास्त असे. त्यांच्या पोरांच्या पायांत चपला असत. एकदा मी बांना विचारले, "तुम्ही साचाखात्यात का जात नाही?" बा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "धोट्याला तोंड लावावं लागतं, लेकरा. आपलं तोंड त्यास्नी चालत न्हाई."

हे वाक्य मला तेव्हा कळले नाही. आज विज्ञानाचा शिक्षक म्हणून ते मी उलगडून सांगू शकतो.

मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. ते आळीपाळीने वरखाली होतात आणि त्यांच्यामधून धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, लोखंडी टोकांची लाकडी होडी. तिच्या पोटात सुताची कांडी बसवलेली असते आणि सुताचे टोक धोट्याच्या कुशीतील एका बारीक डोळ्यातून बाहेर काढलेले असते. कांडी काही मिनिटांत संपते. मग साचेवाला नवी कांडी भरतो. सुताचे टोक त्या डोळ्यातून बाहेर काढायचे कसे? बोट शिरत नाही, सुईला वेळ नाही. म्हणून तो डोळ्याला ओठ लावतो आणि श्वास जोराने आत ओढतो. हवेबरोबर धागा बाहेर येतो. तंतू, धूळ, तेल आणि खळीही तोंडात येते. एका पाळीत हे शेकडो वेळा करावे लागे, आणि एकच धोटा दिवसपाळी नि रात्रपाळी अशा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडातून जाई.

उष्टे निघाले ते येथून. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याने ओढलेला धोटा आपण कसा ओढायचा, असा सवर्ण साचेवाल्यांचा सवाल होता. म्हणून अस्पृश्य कामगाराला विणखात्याचे दार बंद आणि सूतखात्याचे उघडे. यंत्राचा एक एवढासा डोळा, पण त्याने हजारो कुटुंबांचा पगार ठरवला.

२

येथे कोणी म्हणेल की यंत्रच तसे होते, त्याला कोण काय करणार? हे तपासून पाहिले पाहिजे.

तोंडाने ओढण्याचा धोटा मुंबईत जन्मला नाही; तो लँकेशायरातून आला. तेथल्या विणकर बायका त्याला चुंबनाचे नाव देत आणि त्या नावात मरणाचाही उल्लेख असे. दात किडतात, क्षय एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातो, अशी तक्रार तेथे होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली अशा धोट्यांवर कायद्याने बंदी आणली. त्याच्याही आधी, १८९० नंतरच्या दशकात, त्याच राज्यात होपडेल गावी जेम्स नॉर्थ्रॉप याच्या मागाने कांडी आपोआप बदलण्याची आणि धागा आपोआप ओवला जाण्याची सोय करून टाकली होती. जपानमध्ये टोयोडा यांचा स्वयंचलित माग १९२४ साली आला. म्हणजे आमच्या बापजाद्यांना ज्या कारणाने साचाखात्यातून हाकलले जात होते ते कारण अभियांत्रिकीने केव्हाच निकालात काढले होते. तो माग महाग होता आणि मुंबईचा मजूर स्वस्त होता, म्हणून जुनाच माग चालू राहिला.

ह्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिकडे त्याच धोट्याबद्दल प्रश्न निघाला तो रोगाचा. इकडे प्रश्न निघाला तो विटाळाचा. रोगाचा प्रश्न यंत्र बदलून सुटतो, कारण जंतूला जात नसते. विटाळाचा प्रश्न यंत्र बदलून सुटेलच असे नाही, कारण तो यंत्रात नव्हताच.

ह्याचा पुरावा बाबासाहेबांनी दिलेला आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिने संप चालला, तेव्हा विणखाते अस्पृश्यांना खुले करा हा प्रश्न त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी हाच दाखला पुन्हा दिला. मुंबई आणि अहमदाबाद ह्या दोन्ही ठिकाणी अस्पृश्यांना विणखात्यात मज्जाव आहे, सर्वांत कमी पगाराचे सूतखातेच त्यांच्या वाट्याला येते, आणि जो सवर्ण कामगार मुसलमान कामगाराशेजारी काम करायला हरकत घेत नाही तोच अस्पृश्याशेजारी काम करायला नकार देतो, हे त्यांनी मांडले. आता विचार करा. धर्माने परक्या असलेल्या माणसाची थुंकी ज्याला चालत होती, त्याची अडचण थुंकीची कशी असेल? अडचण जास्त पगाराच्या खात्यात आणखी वाटेकरी येण्याची होती. विटाळ हे तिचे सोवळे नाव.

आणखी एक विसंगती सांगतो. विदर्भात महार हे परंपरेने जाडेभरडे कापड विणणारे. नागपूरच्या बाजूला कित्येक घरांतून हातमाग होता. तेथे गावाच्या अंगावर जे कापड चढे त्यातले कितीतरी ह्याच हातांनी विणलेले असे. त्याच समाजाचा माणूस मुंबईच्या गिरणीत आला की त्याला विणणे वर्ज्य! हाताने विणलेले कापड विटाळत नाही आणि यंत्राने विणलेले विटाळते, हे शास्त्र कोणत्या स्मृतीत सापडते ते पंडितांनी सांगावे.

स्वातंत्र्यानंतर ही बंदी सैल होत गेली. पण खात्यात माणूस घ्यायचा तो जॉबरच्या ओळखीने, आणि जॉबरची ओळख म्हणजे त्याचे गाव, त्याची भावकी. बा शेवटपर्यंत रिंगखात्यातच राहिले.

३

रिंगखात्यात होते काय? कापसाचा एक तंतू इंचाच्या आसपास लांब. बोटांत धरून ओढला तर सहज तुटतो. असे असंख्य तंतू शेजारी शेजारी ठेवून त्यांना पीळ दिला की ते एकमेकांना घट्ट धरतात. ओढाल तितके जास्त घट्ट धरतात. डिंक नाही, गाठ नाही. केवळ पिळामुळे आलेल्या घर्षणावर सूत टिकते. रिंगच्या चात्या मिनिटाला हजारो फेरे घेतात. धागा तुटला की क्षणात टोक पकडून जोडायचे. सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम ओलावा ठेवलेला, खिडक्या बंद, वर यंत्रांची उष्णता. सुताच्या तब्येतीला जी हवा मानवते ती माणसाच्या तब्येतीला मानवत नाही. त्या हवेत बांनी छत्तीस वर्षे काढली.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, अशी म्हण आपल्याकडे अहंकारी माणसाबद्दल वापरतात. मला ती जातीबद्दल जास्त खरी वाटते. पण बा पिळाबद्दल वेगळे बोलत. ते म्हणत, एकट्या तंतूला जोर नसतो, पीळ पडला की जोर येतो. संघटनेवर मी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. ह्याहून सोपे भाषण ऐकलेले नाही.

४

आता कापड अंगावर चढल्यानंतरचा इतिहास पाहू.

कोणी काय नेसावे हे आपल्या देशात हवामानावर कमी आणि जातीवर जास्त ठरले. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे मार खावा लागला. १८५९ साली तेथल्या राजाला जाहीरनामा काढावा लागला. इंदूर भागात १९२८ साली सवर्णांनी बलाई समाजावर जे नियम लादले त्यांत जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये, अशी कलमे होती. ही हकीकत बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात नोंदवून ठेवली आहे. आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे कसे नेसावे हे मुद्दाम सांगितले, तेव्हा अनेकींनी नेसण्याची पद्धत लगोलग बदलली. पुरोगामी म्हणवणारे काही लोक बाबासाहेबांच्या सुटाबुटाला नाके मुरडत. कापड ही खूण आहे आणि ती खूण पुसायची तर कापडानेच पुसावी लागते, हे त्या नाकांना कळले नाही.

माझ्या स्वतःच्या अंगावर ही खूण पुसली गेली ती १९७१ साली, एका टेरिकॉटच्या शर्टाने.

आमच्या गावी परीट आमचे कपडे धूत नसे. त्यामुळे इस्त्रीची घडी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणाला माहीत नव्हती. मी सिद्धार्थ महाविद्यालयात जाऊ लागलो तेव्हा माझ्याजवळ सुती शर्ट दोन होते आणि दोन्ही गाडीच्या गर्दीत चुरगळून जात. वर्गात शिरताना मी पुस्तके छातीशी धरी, ती चुरगळ झाकण्यासाठी. त्या दिवाळीला बांना बोनस मिळाला आणि त्यांनी मला टेरिकॉटचे कापड घेऊन दिले. चाळीतल्याच शिंप्याने शर्ट शिवला. मग वर्षभर माझा क्रम ठरलेला होता. रात्री मोरीत शर्ट धुवायचा, न पिळता गॅलरीतल्या दोरीवर टाकायचा, सकाळी घालायचा. सकाळी तो वाळलेला असे आणि त्यावर सुरकुती नसे. वर्गातल्या एका मुलाने विचारले, "तुझ्याकडे ह्या रंगाचे किती शर्ट आहेत रे?" मी म्हणालो, "सहा." आयुष्यात मी फार खोटे बोललो नाही, पण ते खोटे बोलताना मला आनंद झाला होता, हे कबूल करतो.

हा चमत्कार कसा घडतो? कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांब साखळ्यांवर पाण्याशी सलगी करणारे गट जागोजाग असतात. ह्या गटांच्या हलक्या बंधांनी शेजारच्या साखळ्या एकमेकींना धरून असतात. घाम आला, कापड ओले झाले, की ते बंध सुटतात; कापड दुमडलेल्या अवस्थेत वाळले की बंध त्या दुमडलेल्या जागीच पुन्हा जुळतात. ह्यालाच आपण सुरकुती म्हणतो. इस्त्री म्हणजे हीच क्रिया आपल्या सोयीने पुन्हा करणे. नेहमीच्या हवेत शंभर ग्रॅम कापूस सात-आठ ग्रॅम पाणी धरून ठेवतो.

पॉलिएस्टरची साखळी वेगळी. अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स याने १९३५ साली नायलॉन तयार केले. त्याआधी त्याने पॉलिएस्टरही करून पाहिले होते, पण ते कमी उष्णतेवर वितळे म्हणून सोडून दिले. १९४१ साली इंग्लंडमध्ये छपाईचे कापड करणाऱ्यांच्या एका संघाच्या प्रयोगशाळेत जॉन व्हिनफील्ड आणि जेम्स डिक्सन यांनी टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ग्लायकॉल यांची साखळी बांधली. त्या आम्लात सहा कर्बांचे ताठ कडे असते. त्या कड्यामुळे साखळीला कणा आला आणि पदार्थ २६० अंशांच्या आसपास वितळू लागला. तो वितळवून बारीक छिद्रांतून दाबून काढला, थंड करून ताणला, की तंतू तयार. इंग्लंडात त्याचे नाव टेरिलीन पडले, अमेरिकेत डेक्रॉन, आणि आपल्याकडे ठाण्याच्या कारखान्यातून टेरीन ह्या नावाने तो आला. ह्या साखळीला पाण्याची ओढ जवळजवळ नाही; शंभर ग्रॅम तंतू अर्धा ग्रॅमही पाणी धरत नाही. म्हणून तो एका रात्रीत वाळतो. आणि कारखान्यात उष्णता देऊन त्याचा आकार एकदा पक्का केला की अंगाच्या उबेने तो बदलत नाही. म्हणून चुरगळत नाही.

टेरिकॉटमध्ये साधारण दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग कापूस असतो. पॉलिएस्टरचा तंतू मुद्दाम कापसाच्या मापाने तोडतात, म्हणजे तो त्याच रिंगवर काता येतो. म्हणजे ज्या रिंगखात्यात बा उभे राहिले, तशाच एखाद्या खात्यातून माझ्या शर्टाचे सूत निघाले होते.

ह्या कापडाने गरिबाला काय दिले हे मी अंगाने अनुभवले आहे, म्हणून त्याला नुसती नावे ठेवणाऱ्यांशी माझे जमत नाही. सुताची महती सांगणाऱ्यांकडे बहुधा सहा सुती शर्ट असतात आणि ते धुऊन देणारा कोणी असतो. पण त्याचे दोषही अंगानेच कळले. घाम शोषला जात नाही, कापड पाठीला चिकटते. आणि स्टोव्हपाशी कापूस जळतो तिथे हे वितळून कातडीला बसते. नायलॉनच्या साडीने भाजलेली बाई ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

५

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप कोणी मागे घेतल्याचे जाहीर झालेच नाही. तो विझत गेला. बा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. त्याच १९८२ साली रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग आधीपासून वाढत होतेच. गिरण्या केवळ पॉलिएस्टरने मेल्या असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मालकांनी यंत्रे सुधारली नाहीत, यंत्रमागाची मजुरी स्वस्त पडत होती, आणि गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा महाग झाली होती. पण कापसाचे युग मागे पडत होते हेही खरे.

संपाच्या काळात एका संध्याकाळी बांनी माझी बाही बोटांत धरून चोळली. मी तेव्हा शिक्षक झालो होतो, घर माझ्या पगारावर चालले होते.

"ह्यात सूत किती?" त्यांनी विचारले.

"तिसरा हिस्सा."

"मग बाकीचं काय?"

"खनिज तेल. तेलापासून करतात."

बा हसले. "पीळ चांगला हाय," म्हणाले, "पर हा तंतू जमिनीतनं न्हाई आला. ह्याला ऊन-पाऊस ठाव न्हाई." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "आमाला तरी कुठं कुणी ठाव ठेवलंय."

६

आज जेथे गिरण्या होत्या तेथे काही ठिकाणी मॉल आहेत. मध्यंतरी नातवाबरोबर मी एका मॉलमध्ये गेलो. तेथे डोंगर चढणाऱ्यांसाठी कपडे टांगलेले होते. एका अंगरख्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते की हा पाऊस आत येऊ देत नाही, पण घाम बाहेर जाऊ देतो. किंमत पाहून मी तो परत टांगला. पण त्यामागचे शास्त्र मला ठाऊक होते, ते नातवाला सांगितले.

पाऊस अडवणे जुने आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पेटंट घेतले. पण रबर पाणी अडवते तशी वाफही अडवते. माणसाचे अंग थंड राहते ते घाम वाळल्यामुळे. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. रबराखाली घाम वाळूच शकत नाही. तो ओघळतो आणि अंग तापत जाते. ह्यावर तोड निघाली ती १९६९ साली. अमेरिकेत बॉब गोर याने टेफ्लॉनची तापलेली कांडी झटक्यात ओढली आणि तिच्यात अतिसूक्ष्म रंध्रे पडली. त्या रंध्रांपेक्षा पाण्याचा थेंब हजारो पटींनी मोठा आणि वाफेचा रेणू शेकडो पटींनी लहान. थेंब बाहेर राहतो, वाफ निघून जाते. त्याच्या जोडीला असे पॉलिएस्टर निघाले की ज्याच्या तंतूला उभ्या खाचा असतात. दिव्याची वात तेल चढवते तशा त्या खाचा घाम कातडीवरून उचलून बाहेरच्या बाजूला पसरतात. टेरिकॉटचा पाठीला चिकटण्याचा दोष असा दूर झाला. धावणाऱ्याचा, चढणाऱ्याचा, खेळणाऱ्याचा घाम किती, कोठे, केव्हा येतो ह्याची मोजमापे घेऊन हे कापड घडवले जाते.

नातू ऐकत होता. मला मात्र माझा मामेभाऊ आठवत होता. तो ठेकेदाराकडे मलवाहिनीच्या कामावर होता. कोणत्या शहरात ते सांगत नाही. ठेकेदाराने त्याला एक रबरी सूट दिला होता आणि तो बहुधा खोलीतच असे. साहेब लोक म्हणत, आम्ही साधने देतो, हे लोक वापरतच नाहीत. मी भावाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "दादा, तो घातला की दहा मिनिटांत आतल्या आत भिजतो. घामानं भिजायचं का घाणीनं, एवढंच ठरवायचं असतंय." मॅकिन्टॉशच्या रबराचा दोष त्याने एका वाक्यात सांगितला. ह्या देशातल्या किती वस्त्र-अभियंत्यांनी त्याचा घाम मोजला असेल?

प्रथम मला वाटले की मागणी करावी ती हीच : डोंगर चढणाऱ्याला जे कापड मिळते ते मलवाहिनीत उतरणाऱ्याला द्या. वर्गात शिकवायचे म्हणून मी ह्या मागणीचे शास्त्र तपासले आणि मागणी चुकीची ठरली. ती का, हे कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावे.

पहिली गोष्ट, वाफ रंध्रातून बाहेर जाते ती आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असेल तर. थंड, कोरड्या डोंगरावर हे उत्तम चालते. मलवाहिनीच्या आत हवा आधीच उबदार आणि वाफेने जवळजवळ भरलेली असते. तेथे वाफ जाणार कोठे? जगातले उत्तमातले उत्तम कापडही तेथे रबरासारखेच वागेल. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. मॅनहोलमध्ये माणूस मरतो तो बहुधा हायड्रोजन सल्फाइडने किंवा प्राणवायूच्या अभावाने. ज्या रंध्रातून वाफेचा रेणू बाहेर जातो त्याच रंध्रातून वायूचा रेणू आत येतो. आणि रबराने सारे अंग बंद केले तरी नाक उघडेच राहते. म्हणजे माणसाला त्या मरणातून वाचवील असे कापड नाही. यंत्र उतरवावे, माणूस उतरवू नये, एवढाच निष्कर्ष पदार्थविज्ञान देते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. १९९३ चा कायदा अपुरा पडला म्हणून २०१३ साली नवा कायदा आला. त्यात हाताने मैला साफ करणारा कोण, ह्याची व्याख्या आहे. त्या व्याख्येखाली एक स्पष्टीकरण जोडलेले आहे. सरकारने अधिसूचित केलेली उपकरणे आणि संरक्षक साधने वापरून जो मैला साफ करतो, तो हाताने मैला साफ करणारा मानला जाणार नाही! मलवाहिनीच्या धोकादायक सफाईची व्याख्याही अशीच मालकाने संरक्षक साधने दिली की नाहीत ह्यावर टांगलेली आहे. म्हणजे अंगावर सूट चढला की काम तेच, घाण तीच, माणूस तोच, बहुतेक वेळा जातही तीच. पण कायद्याच्या कागदावरून तो नाहीसा होतो. धोट्याच्या डोळ्याने आमच्या बापांना खात्याबाहेर ठेवले. येथे एक रबरी झगा आमच्या भावांना व्याख्येबाहेर ठेवतो. यंत्राच्या आडून जात बोलत होती, आता वस्त्राच्या आडून बोलते आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात मलवाहिनीत मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचे सांगितले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढली हे बरे झाले. पण मरणाची किंमत वाढवणे आणि मरण थांबवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून मागणी दोन भागांत केली पाहिजे. जे काम माणसाने करूच नये, त्यासाठी आम्हाला चांगले कापड नको. आम्हाला यंत्र हवे, आणि ते चालवण्याची नोकरी कायम हवी. आणि जे काम माणसे उन्हापावसात, जमिनीवर करतात, म्हणजे रस्ता झाडणे, कचरा वेचणे, गाडी भरणे, त्यांच्यासाठी मात्र घाम उचलणारा सदरा, काच आणि सुई न शिरणारे हातमोजे, पाणी अडवणारा पण वाफ सोडणारा रेनकोट हे सारे हवे. त्याचे शास्त्र तयार आहे. तंतू तयार आहे. त्यांच्या अंगाची मापे घेणारा तेवढा कोणी नाही.

ती मापे आपल्या मुलांनी घ्यावीत. आज वस्त्र-अभियांत्रिकी शिकणारी आपली मुले-मुली आहेत. त्यांनी आपल्या प्रकल्पासाठी धावपटू निवडण्याआधी आपल्या वस्तीत पहाटे पाच वाजता उभे राहून पाहावे, कोणाची पाठ किती भिजते. आणि शिक्षकांनी तंतूंचा धडा शिकवताना एवढे करावे : वर्गातल्या मुलांना आपल्या कॉलरमागची चिठ्ठी वाचायला सांगावी. पॉलिएस्टर किती, सुती किती, ते फळ्यावर लिहावे. मग विचारावे, हे विणले कोणी? हे धुतो कोण? आणि तुमच्या घरातले कोण असे कापड आजवर अंगाला लावू शकले नाही?

मी निवृत्तीच्या आधी शेवटची दोन वर्षे असे केले. पहिल्याच वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझ्या आजोबांना साचाखात्यात घेतलं नव्हतं. का ते घरात कोणी सांगत नाही."

मी खडू खाली ठेवला आणि तिला धोट्याची गोष्ट सांगितली.